फार्म भरलेले, ओढे रिकामे

नमस्कार,

चीनमधल्या महाकाय सॅलॅमँडरवरच्या (पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा मोठा उभयचर प्राणी) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, मांसासाठी चालवलेल्या फार्ममध्ये तो लाखोंनी वाढतोय, मग नामशेष होतोय म्हणून गळे कशाला काढायचे? नदीत कमी पडले तर फार्ममधले सोडा, प्रश्न मिटला. असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

सोडून झालेत हो! सरकारच्याच प्रोत्साहनाने 70 हजारांहून जास्त सोडले गेले. त्यानंतर 2013 ते 2016 मध्ये संशोधकांनी 97 ठिकाणचे ओढे पालथे घातले. प्राणी सापडला फक्त 4 ठिकाणी, आणि त्यांची जनुकं तपासली तर तेही मूळचे तिथले नव्हते.

खरी मेख पुढेच आहे. ज्याला आपण एक प्राणी समजत होतो, त्या निदान पाच वेगवेगळ्या प्रजाती असाव्यात, असं 2018 मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. हा जन्मभर पाण्यात राहणारा प्राणी, डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जाणार कसा? त्यामुळे प्रत्येक खोऱ्यातली वंशरेषा लाखो वर्षं वेगळी वाढली. त्यातली दक्षिणेकडची एक तर 1924 मध्येच लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका नमुन्यावरून वेगळी प्रजाती म्हणून मांडली गेली होती. तेव्हा ते कुणी मानलं नाही, 2019 मध्ये मानलं. फार्मवाल्यांनी मात्र ठिकठिकाणचे नर-मादी एकाच टाकीत घातले. त्यांची पिल्लं ओढ्यात सोडली की तिथे उरलेसुरले अस्सल प्राणीही संकरातून पुसले जातात, शिवाय टाक्यांमधला विषाणूजन्य आजार ओढ्यात पोचण्याचा धोका असतोच.

जपानमध्ये हे घडलंच आहे. खाण्यासाठी आणलेले चिनी सॅलॅमँडर नदीत शिरले आणि आज क्योतोच्या कामो नदीत बहुतेक संकरितच सापडतात. आपल्याकडेही लोणावळ्यात पैदास केलेले निळ्या पराचे महसीर मासे कावेरीत सोडले गेले, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. हेतू चांगलाच होता.

दुसरं असं, की हा प्राणी श्वास मुख्यतः कातडीतून घेतो. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या चुण्यांमधून पाण्यातला ऑक्सिजन रक्तात जातो. म्हणून त्याला थंड, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. खडकाखालच्या कपारीत मादी अंडी घालते आणि नर ती राखत बसतो. धरण बांधलं, गाळ साचला की कपारही गेली आणि श्वासही. अशा पाण्यात फार्ममधले कितीही ओता, काय उपयोग?

शेतकऱ्यांच्या पोटावर पाय आणू नका, हे तुमचं म्हणणं मला पटतं. फार्म चालू दे. पण नवीन नर-मादी ओढ्यातून चोरून आणणं थांबलं पाहिजे, आणि जनुकीय तपासणीशिवाय एकही प्राणी पाण्यात सोडता कामा नये. ज्यांग्शी प्रांतात 2022 मध्ये नोंदवलेल्या प्रजातीचे अस्सल प्राणी एका अभयारण्यात अजूनही आपले आपण वीण घालताहेत. पैसा आणि पहारा आधी तिथे हवा.