कुटुंबाची साइट काढताय? आधी चावी कोणाकडे ते ठरवा

बारसं, मुंज, साठीशांत, गृहप्रवेश, सगळे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात आणि आठवड्याभरात खाली दबले जातात. तिथे फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकाराने घटतं आणि फाइलमधली कॅमेऱ्याची तारीखही पुसली जाते. 'एचडी' निवडलं तरी मूळ फाइल जात नाही. ती हवी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावी लागते. निरोपांसाठी ग्रुप छान आहे, जपणुकीसाठी नाही. ज्या कुटुंबाची दोन घरं पुण्यात, एक बडोद्यात आणि एक अमेरिकेत आहे, त्यांनी स्वतःची बंद साइट काढावीच, असं माझं ठाम मत आहे.

गूगल साइट्स (पानं बनवायला) आणि ड्राइव्ह (फाइली ठेवायला) यांवर भागतं, पैसे लागत नाहीत. पण सुरुवात कोणा एकाच्या खात्यावरून करू नका. कुटुंबाच्या नावाने वेगळं जीमेल खातं काढा आणि ते दोन पिढ्यांतल्या दोघांकडे ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, एकाच मोबाइलवर असेल आणि तो नंबर परदेशी गेल्यावर बंद झाला, तर सगळेच बाहेर राहतात. अशा वेळी वापरायला गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून त्या दोघांच्याही घरी कागदपत्रांसोबत ठेवा. सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून लॉगिन करायचं काम कोणाचं, तेही ठरवा.

'लिंक असलेल्या कोणालाही दिसेल' ही सेटिंग म्हणजे खाजगीपणा नव्हे. लिंक एकदा पुढे गेली की ती कुठवर पोचली ते कळत नाही. नातेवाइकांच्या ईमेलचा एक गूगल ग्रुप करा आणि साइट त्या ग्रुपलाच दाखवा. इथे बहुतेकांचं एक चुकतं: साइटची परवानगी वेगळी आणि तिच्यात जोडलेल्या ड्राइव्ह फोल्डरची वेगळी. फोल्डर ग्रुपला शेअर केलेला नसेल तर काकूंना पान दिसतं, फोटो मात्र दिसत नाहीत. दोन्ही एकाच ग्रुपला दिलं की नवी सून आली तरी नाव एकाच ठिकाणी घालावं लागतं.

शेअर केलेल्या फोल्डरमध्ये भाच्याने टाकलेला फोटो भाच्याच्याच मालकीचा राहतो आणि जागाही त्याच्याच खात्यातली खातो. त्याचं खातं गेलं की फोटो गेला. म्हणून जपायच्या फोटोची प्रत कुटुंबाच्या खात्यात करून घ्यायची. जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह, फोटोज मिळून. लग्नाचे १० एमबीचे १५०० फोटो तेवढ्यातच ती भरून टाकतात. एका कार्याचे ५० निवडा, बाकीचे हार्ड डिस्कवर ठेवा.

जुने छापील फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. स्कॅन केलेल्या फाइलवर आजची तारीख बसते आणि १९६२ चा फोटो या वर्षीच्या गणपतीशेजारी जाऊन पडतो. तारीख फाइलच्या नावातच घाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नक्की माहीत नसेल तर फक्त वर्ष घाला आणि फोटोखालच्या ओळीत 'सुमारे' लिहा.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम: फोटोखालची ओळ. 'आजीसोबत गच्चीवर' असं लिहू नका. कोणाची आजी? वाचणाऱ्या प्रत्येकाची आजी वेगळी असते. पूर्ण नाव, गाव, प्रसंग, 'उभे डावीकडून' असा क्रम लिहा. बायकांचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरच्या नावाने शोधणाऱ्याला ती बाई सापडतच नाही. या ओळी सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून साइटची सजावट नंतर करा, हे आधी करा. त्यांना ईमेल काढायला लावू नका. फोनवर फोटो दाखवा, ती माणसं बोलतील ते रेकॉर्ड करा आणि रात्री बसून टाइप करा.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची परंपरा आहे, तो मजकूर साइटवर घ्यायचा मोह होतो. तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर थेट चिकटवल्यावर नुसती चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणाऱ्या लिपीच्या सांकेतिक पद्धतीत, बदलून घ्या आणि जोडाक्षरं नीट तपासा. त्यात हयात माणसांची पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनावही असतं. बँकेचे सुरक्षा-प्रश्न याच माहितीवर असतात. हयात माणसांचा फक्त दिवस आणि महिना ठेवा. लहान मुलांचे शाळेच्या बिल्ल्यासकट फोटो टाकू नका आणि फोटोतलं लोकेशन काढून टाका, नाहीतर मूळ फाइलमध्ये घराचे अक्षांश-रेखांश तसेच राहतात.

साइटही कायमच्या नसतात: ऑर्कुट हे गूगलचंच सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. केवळ कुटुंबांसाठीच असलेली अमेरिकेतली मायफॅमिली ही साइटही त्याच वर्षी बंद झाली. म्हणून दर दिवाळीला गूगल टेकआउटमधून (खात्यातलं सगळं एकत्र उतरवून देणारी गूगलची सोय) सगळं उतरवून घ्या. गूगल फोटोजमध्ये दुरुस्त केलेल्या तारखा उतरवलेल्या फोटोत नसतात, सोबतच्या वेगळ्या छोट्या फाइलींत येतात. त्या कचरा समजून उडवू नका. दोन डिस्क करा, एक दुसऱ्या घरी ठेवा, आणि ठेवण्याआधी दहा-बारा फोटो उघडून पाहा.