सोल-जॅझ कोकणात आणा, पण दहाच्या आत

मुंबई-पुण्याच्या डीजेंच्या सीझनच्या तारखा लागल्या की खाली आपल्या मंडळींची कमेंट ठरलेली. "मालवणात कधी येतलास?" त्यात आता क्लब नाइटच्या जोडीला लाइव्ह सोल-जॅझही (चर्चच्या गाण्याच्या वळणाचं जॅझ) दिसायला लागलंय, म्हणून हे लिहितोय. डीजेंनी इथे जरूर यावं, बँड घेऊन यावं, पण रात्री अकराला तापणारी क्लब नाइट जशीच्या तशी उचलून आणू नये. संध्याकाळी पाचला सुरू करावं आणि दहाच्या आत संपवावं.

दहाचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, बाकीचे आकडे कुणी वाचत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण तीही सणासमारंभांसाठी, आपल्या पार्टीसाठी नव्हे. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. आणि दहाच्या आधी वाटेल तेवढं वाजवा असंही नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि कार्यक्रमाच्या हद्दीवर त्यापेक्षा १० जास्त म्हणजे ६५ चालतात.

६५ म्हणजे किती ते हिशेबाने बघा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. स्टेजपासून १० मीटरवर ९५ ठेवलात तर २० मीटरवर ८९, ४० वर ८३, ८० वर ७७, १६० वर ७१ आणि ३२० मीटरवर कुठे ६५. एवढी मोकळी जागा कुठल्या वाडीत आहे? १० मीटरवर ८९ ठेवलात तर तेच १६० मीटरवर जमतं. क्लबवाल्यांना ८९ ऐकून हसू येईल. पण ऑर्गन, गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या सोल-जॅझला ८९ भरपूर होतात. बेसच्या दणक्यावर उभ्या असलेल्या संगीताला ते पुरत नाहीत. म्हणूनच मी टेक्नोचं नाव न घेता सोल-जॅझचं घेतोय.

हे संगीत नेमकं काय? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं ऑर्गन जॅझच्या बारमध्ये आलं. जिमी स्मिथने हॅमंड ऑर्गनवर डाव्या हाताने आणि पायाने बेस, उजव्याने सूर असं वाजवून दाखवलं, आणि तिघांचा बँड पुरेसा झाला. आपल्याकडे हे समजावायला जॅझचा इतिहास लागत नाही, सिंधुदुर्गातली डबलबारी आठवा. देवळातलं भजन, पेटी, पखवाज, एका बुवाने टाकलेला सवाल आणि दुसऱ्याचं उत्तर, मागे कोरसचा गजर, आणि लोक मांडीवर ठेका धरून. सोल-जॅझचं रसायनही तेच, फक्त देऊळ वेगळं. डबलबारीला वन्समोअर देणारा माणूस ऑर्गन ट्रायोला घाबरणार नाही. शिवाय या किनारपट्टीला जॅझ नवीन नाहीच. मुंबईत ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे.

आणि नाच रात्रीच होतो हा समज लंडनने कधीच मोडलाय. जाइल्स पीटरसन आणि पॅट्रिक फोर्ज हे डीजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅम्डनच्या डिंगवॉल्स क्लबमध्ये ह्याच जातीच्या तबकड्या लावायचे ते रविवारी दुपारी. लोक दुपारी नाचायचे आणि सोमवारी कामावर जायचे.

आता जनरेटरकडे येतो, कारण कार्यक्रम बहुतेक वेळा तिथेच फसतो.

जुन्या हॅमंड बी-३मध्ये ९१ दातेरी चकत्या फिरतात आणि त्यातून सूर निघतो. त्या फिरवणारी मोटर विजेच्या हर्ट्झला, म्हणजे वारंवारतेला, बांधलेली असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिकडचं यंत्र तसंच इथे लावलं तर सगळा ऑर्गन जवळजवळ तीन पट्ट्या खाली उतरतो. म्हणजे पांढरी एकचं गाणं पांढरी सहात, तेही किंचित बेसूर. ५० हर्ट्झचं यंत्र असलं तरी सुटका नाही, कारण गावातला साधा जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झवर आणि भार पडला की ५०वर चालतो. एका हर्ट्झचा फरक म्हणजे एका पट्टीचा तिसरा हिस्सा. संध्याकाळी चेकिंगला ऑर्गन जुळलेला, मग भज्यांच्या स्टॉलवाल्याने त्याच लाइनवर इलेक्ट्रिक फ्रायर लावला की सॅक्सोफोनवाला बेसूर वाटायला लागतो. दोष बिचाऱ्याचा नसतो. तो माउथपीस पुढे-मागे करत बसतो आणि सूर मात्र फ्रायर चालू-बंद होईल तसा हलतो.

उपाय सोपा आहे. दोनशे किलोच्या घरातलं ते धूड घाटातून आणूच नका, डिजिटल ऑर्गन आणा. त्याचा सूर हर्ट्झवर अवलंबून नसतो. पण लेस्ली स्पीकर मात्र खरा आणा. लाकडी पेटीत फिरणारा भोंगा आणि खाली फिरणारा ड्रम. हळू चालला तर मिनिटाला पन्नासेक फेरे, जोरात चारशेच्या आसपास. आवाज हवेत फिरतो तो त्यामुळे, आणि उघड्यावर त्याची मजा हॉलपेक्षा जास्त. वरच्या भोंग्याला दोन बाजूंनी दोन माइक, खाली एक, तिन्हींना जाड फोम. समुद्राचा वारा उघड्या माइकमध्ये शिरला की नुसता भसाभसा आवाज येतो.

मोजके दिवे, दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), तीन बेसचे बॉक्स आणि बँड एवढ्याला २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर पुरतो. खाण्याचे स्टॉल वेगळ्या लाइनवर. न्यूट्रलची जोडणी जनरेटर बंद असतानाच इलेक्ट्रिशियनने स्वतः हाताने ओढून बघावी. तो सैल झाला तर एखाद्या फेजवर २३०च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येतात आणि मिक्सर, अॅम्प एका क्षणात जातात. अर्थिंगचा रॉड कोरड्या वाळूत ठोकून काही उपयोग नाही, ओल लागेपर्यंत खाली गेला पाहिजे. आणि स्पीकरमधून हम्म येतोय म्हणून प्लगची अर्थची पिन काढणाऱ्याला स्टेजवरून खाली उतरवा. खारट दमट हवेत गायकाच्या ओठाला माइकचा शॉक बसतो तो असाच. हम्म घालवायचा तर डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सरच्या मधली छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

जागेबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. किनारा नको, माडाची बाग किंवा मोठं खळं बघा. किनाऱ्यावर परवानग्या जास्त, वाळू जास्त आणि आवाजाला अडवायला काही नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर ह्या किनाऱ्यांवर तर नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं पुढे एप्रिल-मेपर्यंत निघतात. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, आणि समुद्राऐवजी तुमच्या लेझर लाइटकडे चालत आलं तर मेलं. तिथे सीझनमध्ये काहीच नको. बागेत कार्यक्रम असेल तर आठवडाभर आधी पाडेली बोलावून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या. हा खर्च कुणी धरत नाही, आणि वाऱ्याला वेळापत्रक कळत नाही.

वाऱ्याचं अजून एक. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो समुद्राकडून गावाकडे वाहतो आणि आवाज वाडीत नेऊन टाकतो. रात्री उलटतो. म्हणून पाच ते सात आवाज कमी, साडेसातनंतर हळूहळू वर. टॉपची तोंडं समुद्राकडे करा. बेस मात्र चारी दिशांना पसरतो, त्याला तोंड नसतं. त्यासाठी तीनच्या थप्पीतला एक बॉक्स मागे तोंड करून ठेवायचा, त्याची पोलॅरिटी उलटी करायची आणि बॉक्सची खोली पार करायला आवाजाला लागतो तेवढा डिले त्याला द्यायचा. ९० सेंटिमीटरच्या बॉक्सला सुमारे २.६ मिलिसेकंद. नीट जमलं तर मागच्या घरांकडे बेस दहाएक डेसिबलने पडतो. मीटर ए वेटिंगवर असला तर बेस त्याला फारसा कळत नाही, पण शेजारच्या आजींच्या खिडकीची काच थरथरली की त्यांना बरोबर कळतो. त्यांच्याकडे आदल्या दिवशीच जाऊन या. शहरातल्या एसी हॉलमध्ये बसवलेला ट्रेबलही इथे दोन-तीन डेसिबल उतरवा, दमट हवेत वरचे सूर कमी विरतात आणि झांजा कानात टोचतात.

डीजेसाठी थोडं. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलची गती क्वार्ट्झने धरलेली असते, जनरेटर हलला तरी ती हलत नाही. टेबल हलतं. बेसची थरथर सुईतून परत स्पीकरला जाते आणि घों सुरू होतं. टेबलाखाली फरशी, फरशीखाली रबर किंवा सायकलची अर्धवट भरलेली ट्यूब, आणि बेसपासून तीन-चार मीटर लांब. सुईवर ३ ते ४ ग्रॅम, त्याहून हलकी ठेवली तर वाऱ्याने आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी उडते. तबकडी खोक्यातून काढली की खाऱ्या हवेने चिकट होते, म्हणून लावायची तेवढीच बाहेर. आणि ह्या तबकड्यांवर ड्रम माणसाने वाजवलेत, ठेका श्वासासारखा मागेपुढे होतो. दोन गाणी मिनिटभर एकमेकांवर धरून ठेवायचा हट्ट केलात तर घोडे उधळल्यासारखं ऐकू येतं. आठ मात्रा मोजा आणि समेवर कापा.

परवान्यांचं थोडक्यात: पोलिसांचा लाऊडस्पीकर परवाना, ग्रामपंचायतीची ना-हरकत, आयपीआरएस आणि पीपीएलचे संगीत परवाने, दारू ठेवणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा. माझं विचाराल तर कोकम सरबत आणि सोलकढीवर भागवा, निम्मी भांडणं वाचतात.

वेळ अशी लावावी. पाच ते साडेसहा हलक्या तबकड्या, डिसेंबर-जानेवारीत तेवढ्यात सूर्य बुडतो. साडेसहा ते पावणेआठ बँड. मग जेवण, मागे मंद संगीत. सव्वाआठ ते सव्वानऊ बँडची दुसरी बारी, त्यानंतर पस्तीस मिनिटं डीजेची. ९.५०ला आवाजाचा फेडर खाली. आधी अॅम्प बंद, मग मिक्सर, मग जनरेटर पाच मिनिटं रिकामा चालवून बंद. आणि लेस्लीच्या भोंग्यावरचं मीठ कोरड्या फडक्याने त्याच रात्री पुसायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही.