‘दुकानदाराचा नफा वजा केला की झाले’ हे गणित कुठे चुकते

सायकलस्वारांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की सायकलीचे सामान दुकानातून घेणे म्हणजे दुकानदाराच्या नफ्यापायी विनाकारण जास्त पैसे मोजणे. तीच वस्तू ऑनलाइन स्वस्त मिळते, मापे तक्त्यात दिलेली असतात, बसवायचे कसे ते व्हिडिओत दिसते आणि नाहीच जमले तर माल परत करता येतो. मी स्वतः ऑनलाइन खरेदी करतो आणि बरीचशी दुरुस्तीही घरीच करतो. तरीही यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड नवख्या माणसाला बसतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मापांचे पाहू, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. वडिलांच्या जुन्या सायकलीसाठी मी एकदा ‘२६ इंची’ टायर मागवला. अर्धा तास झटापट केली, टायर चढवण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडल्या, पण टायरची कड काही केल्या रिमवर चढेना. शेवटी जुन्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा मळाखालून ‘३७-५९०’ हा आकडा वर आला. नव्या टायरवर ‘४७-५५९’ होते. यातला दुसरा आकडा म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये; म्हणजे मी तब्बल ३१ मिलिमीटरने लहान टायर ओढूनताणून बसवू पाहत होतो. याहून फसवी गोष्ट अशी, की ‘२६ × १.७५’ आणि ‘२६ × १ ३/४’ ही मापे हिशेबाने अगदी सारखी असली तरी पहिल्याचा व्यास ५५९ आणि दुसऱ्याचा ५७१ असतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. उलट ‘७००सी’ आणि ‘२९ इंच’ ही नावे वेगळी असूनही दोन्हींचा व्यास ६२२ हाच आहे. तक्त्यात हे सगळे असते, मान्य. पण तक्त्यातला कोणता रकाना पाहायचा हे आधी माहीत असावे लागते. जुना टायर हातात घेऊन दुकानात गेलो असतो, तर हा प्रश्न तिथल्या तिथे सुटला असता.

टायरचे माप निदान डोळ्यांना तरी दिसते. सीटची दांडी २७.२ मिलिमीटरची आहे की २७ची, हे व्हर्निअर कॅलिपर लावल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तेवढ्या फरकानेही दांडी एक तर खाली घसरत राहते किंवा आत जातच नाही. क्रँकचा, म्हणजे पेडल ज्याला बसते त्या दांड्याचा, आस ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचे आटे इंग्रजी पद्धतीत उजव्या बाजूला उलटे असतात, इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंना सरळ. ज्याला हे ठाऊक नाही, तो उलट्या आट्यांवर सगळा जोर लावून फ्रेमच निकामी करून बसतो.

आता व्हिडिओ पाहून बसवण्याविषयी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे प्रत्येक व्हिडिओत सांगितलेले असते. पण पेडल हाताने फिरवताना ते सहज आत जाते आहे की तिरके धरले गेले आहे, हे बोटांनाच कळते आणि तो अंदाज सवयीने येतो. पेडलचा आस पोलादाचा, क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचा. चुकीच्या बाजूचे किंवा तिरके लागलेले पेडल पाना लावून रेटले, तर पोलाद ॲल्युमिनियमचे आटे कापत आत जाते. मग पेडलवर वाचवलेल्या पैशांतून नवा क्रँक घ्यावा लागतो. शिकू नये असे मी मुळीच म्हणत नाही. पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘तीच वस्तू’ या शब्दांबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते ती हेल्मेटच्या बाबतीत. डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर असलेल्या दोन माणसांपैकी एकाचे डोके गोल आणि दुसऱ्याचे लांबट असू शकते, आणि तक्त्यात फक्त घेर असतो. हेल्मेट घालून, पट्टा न बांधता मान हलवून पाहिली, की ते कपाळावर सरकते का हे लगेच समजते. शिवाय नामांकित कंपन्यांच्या हेल्मेटच्या नकला बाजारात आहेत, आणि छायाचित्रात ‘ईएन १०७८’ या युरोपीय सुरक्षा मानकाची खूण दिसली म्हणून आतला फोम त्या दर्जाचा असेलच असे नाही. अनोळखी विक्रेत्याकडून हेल्मेट घेऊ नये, हे मी कोणालाही आग्रहाने सांगेन.

माल परत करण्याची सोय खरीच आहे, पण ती न वापरलेल्या वस्तूला लागू पडते. सायकलीच्या वस्तूंचा दोष बहुधा बसवल्यावरच उघडकीला येतो. मिनरल ऑइलवर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये त्याच्या जागी डॉट फ्लुइड हे दुसऱ्या प्रकारचे ब्रेकचे द्रव भरले, तर आतली रबरी सील फुगून खराब होतात. ब्रेक दगा देऊ लागेपर्यंत परतीची मुदत बहुतेक वेळा उलटून गेलेली असते, आणि फ्लुइडच्या बाटलीत तर दोष नव्हताच.

काही वस्तूंच्या बाबतीत मात्र तो मजकूर बरोबर आहे. पाण्याच्या बाटलीच्या स्टँडच्या दोन भोकांमधले अंतर ठरलेलेच, ६४ मिलिमीटर. तो कुठूनही घ्यावा. दिवे, हातमोजे, माप पक्के माहीत असलेल्या ट्यूब, जुन्या सायकलीचा दुर्मीळ भाग यांसाठी ऑनलाइनइतका मोठा साठा कोणत्याही एका दुकानात असणे शक्य नाही. आणि गिऱ्हाइकाला न विचारता हाताशी असेल ते गळ्यात मारणारे दुकानदारही मी पाहिले आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही.

राहता राहिला नफ्याचा मुद्दा. मध्यंतरी मी नवी चेन घ्यायला दुकानात गेलो. दुकानदारांनी खुंटीवरून पाकीट काढले, पण ते माझ्या हातात देण्याआधी सायकल जवळ ओढून जुन्या चेनवर तिची झीज मोजायचे गेज लावले. ०.५ टक्के ताणली गेलेली चेन असती, तर गेजचे टोक कड्यांमध्ये उतरले असते; ते वरच अडले. “अजून बरीच चालेल ही, आत्ता नका बदलू,” असे म्हणत त्यांनी पाकीट पुन्हा खुंटीला लावले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसले.