घोट्याला फेटा

राजगडावरून मी धडधाकट खाली आलो. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची ती वाट, कातळातल्या खोबणीत बोटं रुतवत वर आणि बूड टेकत टेकत खाली. उतरताना डाव्या अंगठ्याचं नख तेवढं काळंनिळं झालं, बाकी ओरखडा नाही. बरोबरची पोरं म्हणाली, "काका, मानलं." ते कानात घोळवत सोसायटीच्या गेटातून आत शिरलो आणि खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर डावं पाऊल आत दुमडलं. पन्नाशीतल्या माणसाने गडावर पडावं, त्यात काही इभ्रत असते. मी ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यांच्या मधोमध पडलो.

घरी पोचेपर्यंत घोट्याचं बाहेरचं हाड दिसेनासं झालं होतं. तिथे अर्ध्या मोसंबीएवढी सूज. आई सहाण आणि आंबेहळद घेऊनच आली, हिने फ्रीजर उघडला आणि मुलाने मोबाइल.

"बाबा, चार पावलं टाकून दाखव. आणि इथे हाडावर मागून दाबलं तर दुखतंय का? पावलं टाकता आली नाहीत किंवा हाड दुखलं, तर एक्स-रे. ओटावाचा नियम आहे, १९९२ सालचा."

"कुठे आलं ते?" आई.

"कॅनडात."

"तिथे लोक बर्फावर घसरतात. हा ब्लॉकवर पडलाय."

हाडावर दाबलं तर दुखलं नाही. चार पावलं मी टाकली, कारण चौथ्या पावलावर कांदाभजी होती. मग फडक्यात गुंडाळलेली मटारची पिशवी घोट्यावर आली. पंधरा ते वीस मिनिटं, जास्त नाही. जानेवारीत स्वस्त म्हणून सोलून ठेवलेले मटार असे कामी येताना पाहून हिचा जीव तुटत होता.

पहिले दोन दिवस शेक नाही, चोळणं नाही, पाय उशीवर उंच, असं मुलाने जाहीर केलं. विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे सूत्र गेब मिर्किन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९७८ साली मांडलं, हे त्याने वाचून दाखवलं. आणि प्रामाणिक पोरगा, पुढचंही वाचलं: याच डॉक्टरने नंतर बर्फाबद्दलचा आपला शब्द मागे घेतला. आईने काही न बोलता सहाण माझ्याजवळ सरकवली.

एवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "आमचे हे पायाळू आहेत, पाठवू का?" त्यावर आईने त्यांना झापलं, "पायाळूची लाथ उसण भरल्यावर. मुरगळल्यावर नाही." कुठल्याही शास्त्रात मर्यादा पाळाव्या लागतात.

राहिला दाब. औषधांचा आमचा डबा श्रीखंडाचा. त्यात मुदत संपलेली मलमं, एकेक गोळी उरलेल्या पट्ट्या, आणि तळाशी आईच्या गुडघ्याच्या वेळचं क्रेप बँडेज. हे कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. आमच्याकडे ते मशीनमध्ये फिरून, पिळून, उन्हात दोरीवर लोंबकळलं होतं. ताण म्हणून शिल्लक नव्हता, नुसती चिंधी. मुलाला दुकानात पाठवला. तिथून फोन, "किती सेंटिमीटरचं? सहा, आठ, दहा, पंधरा?" घोट्याला दहाचं. पायजम्याची नाडी आणावी तसा मी "मोठं बघून आण" म्हणालो आणि त्याने पंधराचं आणलं. बदलून आणायला परत गेला, भजी तेवढ्यात संपली.

नवीन बँडेज म्हणजे गोजिरवाणी वस्तू. घट्ट गुंडाळी, काठाला निळा दोरा, ताणलं की चार मीटर. पाकिटात दोन क्लिपा, विंचवाच्या पिल्लांसारख्या. एक पाकीट फाडतानाच उडाली. गुंडाळी हातात धरून पायालगत थोडी थोडी सोडत जायची असते. हिने आधी सगळी सोडली. चार मीटर हॉलभर पसरले आणि ती परत गुंडाळताना हातातून निसटून सोफ्याखाली गेली. बाहेर आली तेव्हा तिच्यात धुळीचा गोळा आणि कॅरमची राणी होती. राणी दिवाळीपासून सापडत नव्हती.

पहिलं बांधणं हिचं, पोटरीकडून खाली आणि करकचून. पाच मिनिटांत बोटांना मुंग्या. मुलगा ओरडला, "खालून वर बांधायचं! थांब, नख दाबून बघतो. पांढरं होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं." त्याने अंगठा दाबला. "बाबा, हे तर काळंच आहे!" हिने किंचाळून बँडेज ओरबाडलं. नख राजगडाचं आहे हे सांगेपर्यंत काकू रिक्षा बोलवायला खाली गेल्या होत्या.

दुसरं बांधणं माझं, मायेने. बाथरूमपर्यंत मी पोचलो, बँडेज हॉलमध्येच राहिलं.

संध्याकाळी सासरे आले. नाना गावाकडच्या प्रत्येक लग्नात फेटे बांधतात, अख्खी वरात एकट्याने. त्यांनी खाली बसून मांडीवर टॉवेल पसरला आणि माझा पाय ओढून घेतला. मी संकोचलो. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते, त्यानंतर आजच हातात घेत होते. पाऊल काटकोनात धरायला लावलं. बोटांच्या मुळापासून सुरुवात, तळव्याखालून, घोट्यामागून, परत पावलावरून, इंग्रजी आठ काढत. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी. ना घट्ट, ना सैल. दोन वेढ्यांमधून बोट घालून बघायचे आणि हुं करायचे. शेवटचा वीतभर तुकडा क्लिपेत न दडपता त्यांनी बाहेर सोडला. सवयीने. डावीकडे शेमला.

पाय खरंच हलका झाला. आई पण म्हणाली, "देखणा दिसतोय."

पंचाईत रात्री झाली. झोपताना क्रेप बँडेज सोडायचं असतं आणि नाना मुक्कामाला होते. त्यांचा फेटा त्यांच्यासमोर सोडायची हिंमत घरात कुणाची नाही. साडेअकराला त्यांचं घोरणं लागल्यावर हिने मोबाइलच्या उजेडात तो चोरून सोडला, आणि पहाटे साडेपाचला आम्ही दोघं, एकाने गुंडाळी धरून आणि दुसऱ्याने श्वास धरून, तसाच्या तसा परत बांधला. जमला असं आम्हाला वाटलं.

नाना चहा घेत होते. कप ओठाला लावला आणि तिथेच थांबला.

"शेमला उजवीकडे?"

हिने माझ्याकडे पाहिलं, मी मुलाकडे. मुलगा मोबाइलमध्ये शिरला.

नानांनी कप खाली ठेवला, मांडीवर टॉवेल पसरला आणि म्हणाले, "आणा इकडे."