धर्मराज्यात गुप्त चळवळ वाढूच शकत नाही म्हणे!

काल्पनिक राज्यांच्या कथांबद्दल एक मत हल्ली फार फिरतंय. जिथे धर्मगुरू हाच राजा, आणि जमीन सगळी मठांची नि सरदारांची, तिथे गुप्त क्रांतिकारी चळवळ मूळच धरू शकत नाही. लोक श्रद्धाळू, वर निरक्षर, पुरोहितांचे कान घरोघर, आणि पोटाची भ्रांत असलेला माणूस कट कसला करणार? तेव्हा अशी चळवळ दाखवणारा लेखक आजची डोकी जुन्या अंगरख्यांत घालतो, असा एकूण सूर.

शेवटचा टोमणा काही कथांना लागू पडतो, नाही असं नाही. बाकीची कारणं मात्र इतिहासापुढे टिकत नाहीत.

आधी श्रद्धा. 1502 साली जर्मनीतल्या स्पायरच्या बिशपच्या मुलखात, म्हणजे जिथे धर्माध्यक्षच जमिनीचा धनी आणि राज्यकर्ता होता तिथे, योस फ्रिट्झ नावाच्या त्याच्याच एका भूदासाने, म्हणजे धन्याच्या जमिनीला बांधलेल्या कुळाने, कट रचला. कटाची खूण होती दोऱ्यांनी बांधायचा शेतकरी जोडा, आणि झेंड्यावरचं वाक्य होतं, ‘देवाच्या न्यायाखेरीज काही नको’. परवलीचा संवाद तर मासलेवाईक. एकाने विचारायचं, ‘काय गड्या, कसं काय?’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘या पाद्र्यांपायी धड जगता येईना.’ देव हवा, पाद्री नको, यात त्या लोकांना काही विसंगत वाटत नव्हतं. वाटावं तरी का? वर एक न्यायी धनी बसलाय असं धर्मराज्यच रयतेला दर आठवड्याला ऐकवत असतं. कधीतरी कुणीतरी खालच्या धन्याला त्याच मापाने मोजायला घेणारच. 1525 च्या जर्मन शेतकरी बंडात, मार्चमध्ये, मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांच्या बारा मागण्या लिहिल्या गेल्या, त्यांच्या समासात बायबलचे दाखले आहेत. ख्रिस्ताने आपलं रक्त सांडून मेंढपाळापासून थोरातल्या थोरापर्यंत सगळ्यांना सोडवलं, मग आम्ही कुणाच्या मालकीचे कसे, असा तिसऱ्या मागणीचा युक्तिवाद. कथेत नास्तिक नायक नाही म्हणजे बंडाला कारण नाही असं मानणाऱ्यांनी ही मागणी एकदा वाचावी.

निरक्षरतेचा मुद्दा तर फारच कच्चा आहे. वाचणारा एक असला तरी ऐकणारे अख्खं गाव असतात. इंग्लंडमधल्या 1381 च्या शेतकरी बंडात फिरलेली काही पत्रं इतिवृत्तांत टिकून राहिली. त्यातल्या एकात जॅक नावाचा गिरणीवाला आपली गिरणी नीट फिरवायला मदत मागतो. पकडलं गेलं तर दळणाची गोष्ट, योग्य कानी पडलं तर बोलावणं. फ्रिट्झने पुढच्या कटात निरोप्ये म्हणून भिकारी आणि भटके वापरले. भिकाऱ्याला कोण विचारतं, या गावाहून त्या गावाला का निघालास म्हणून?

राहिला पुरोहितांच्या कानांचा मुद्दा, आणि यात मात्र तथ्य आहे. फ्रिट्झचा 1502 चा कट खरोखरच कन्फेशनमधून, म्हणजे पाद्र्यापुढच्या पापाच्या कबुलीतून, फुटला. एका भाडोत्री शिपायाने पाद्र्यापुढे तोंड उघडलं, धरपकड झाली, माणसं मेली. फ्रिट्झ निसटला. 1513 मध्ये फ्रायबुर्गजवळच्या लेहेन गावात त्याने पुन्हा जमवाजमव केली, तोही कट फुटला, तो पुन्हा निसटला. 1517 मध्ये ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्यांदा तेच. तो हाती कधीच लागला नाही. कट फुटतात, पण कटामागची तक्रार जागच्या जागी राहते, आणि पुढचा कट तिच्यातूनच येतो.

ज्यांना हे उदाहरण फार जुनं वाटतं त्यांनी इटलीतल्या खुद्द पोपच्या राज्याकडे बघावं. पोप सातव्या पायसने 1821 मध्ये कार्बोनारी या गुप्त संघटनेविरुद्ध फर्मान काढलं आणि तिच्या सभासदांना धर्मबहिष्कृत केलं. त्याची एक तक्रार अशी की हे लोक धार्मिकतेचं सोंग आणतात. सोंग होतंच, संघटनेला स्वतःचा संतही होता, थिओबाल्ड. दहाच वर्षांनी, 1831 मध्ये, त्याच राज्यातल्या बोलोन्या शहराने पोपची सत्ता झुगारली आणि ती परत बसवायला ऑस्ट्रियाची फौज आणावी लागली.

‘पण ही सगळी बंडं हरली ना?’ हरलीच. 1525 मध्ये तर शेतकऱ्यांची अक्षरशः कत्तल झाली. पण दावा चळवळ वाढण्याबद्दल होता, जिंकण्याबद्दल नव्हता. चळवळ मुळात वाढलीच नसती तर कत्तल करायला फौज कशाला लागली असती?

उपासमारीचं काय? इंग्लंडच्या 1381 च्या बंडात पुढे असलेल्यांत गावचे कारभारी होते, जमीनदाराच्या वतीने वसुली करणारे होते, त्याच्या न्यायसभेत पंच म्हणून बसलेले होते. खाऊनपिऊन असलेली, धन्याचा कारभार आतून पाहिलेली माणसं. बंडखोरांनी ठिकठिकाणी जमीनदारांच्या न्यायसभांची दप्तरं जाळली, कारण कोण कुणाचा भूदास, कुणाकडे किती देणं, हे त्यांतच लिहिलेलं होतं. दप्तराची कुठली गुंडाळी जाळायची हे उपाशी जमावाला कळत नाही, ते दप्तर हाताळलेल्याला कळतं. तेव्हा कल्पित धर्मराज्यातल्या चळवळीवर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो इथे घ्यावा: एवढ्या कटात मठाचा एकही कारकून, कोठीवाला किंवा कनिष्ठ पुजारी कसा नाही?