57 फुटांवरचा क्लच

सांगलीत आठवणी फुटांत मोजतात. धाकट्याची मुंज कधी झाली, हे कुणाला सांगता येणार नाही, पण त्या पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट होतं, हे शेजारचे अण्णासुद्धा सांगतील. पूल 1929 सालचा. कृष्णा ओलांडायला बांधला, आम्ही पट्टी म्हणून वापरतो.

ऑगस्ट 2019 मध्ये त्या पट्टीवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा वडिलांची 1974 सालची बुलेट गावभागातल्या आमच्या अंगणात उभी होती. आम्ही फ्रिज माडीवर चढवला. लोणच्याच्या बरण्या चढवल्या. सात वर्षं ज्यावर फक्त टॉवेल वाळले, ती व्यायामाची सायकलसुद्धा चढवली. बुलेट दीडशे किलोच्या पुढची, जिन्याला दोन वळणं. "तिला काय होतंय, लोखंडच आहे," असं मी म्हणालो. हे वाक्य घरात अजून माझ्यावर फेकलं जातं.

पाणी उतरल्यावर इंजिन बांधून घेतलं, वायरिंग बदललं. गिअरबॉक्समधून ऑइलऐवजी टपरीवरचा चहा निघाला, साय धरलेला. तेही निस्तरलं. क्लच मात्र रुसला तो रुसलाच.

क्लच म्हणजे इंजिनचा जोर चाकाकडे जोडणारा आणि तोडणारा दुवा. त्यात प्लेटा एकीआड एक असतात, एक लोखंडी, एक अस्तर लावलेली. लिव्हर दाबला की त्यांनी एकमेकींना केसभर सोडायचं, सोडला की घट्ट धरायचं. संसारही असाच असतो, वगैरे मी म्हणणार नाही. आमच्या प्लेटा गंज धरून दमट पापडांसारख्या चिकटल्या होत्या. त्यामुळे क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी दावं तुटलेल्या म्हशीसारखी उसळायची, आणि थांबवली की न्यूट्रल सापडायचं नाही.

या जुन्या गाडीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेजवळ न्यूट्रल शोधायची एक वेगळी पट्टी. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात असाल तर टाच मारा, थेट न्यूट्रल. फक्त पहिल्यातून ती काही करत नाही. आता चौकात लाल दिव्यापुढे माणूस कुठल्या गिअरात उभा असतो, ते तुम्हीच सांगा.

मग मी थांबणंच सोडलं. हरभट रोडला भडंग आणायला गेलो की पहिल्या फेरीत ओरडून सांगायचं, दुसऱ्या फेरीत पैसे द्यायचे, तिसऱ्या फेरीत पुडा घ्यायचा. सुटे पैसे मी बरेच दिवस त्या दुकानात सोडले. राजवाडा चौकातल्या पोलिसाने एकदा चौथ्या चकरेला मला हटकलं, "काय सर, काही हरवलंय का?"

"न्यूट्रल," मी म्हणालो आणि पाचव्या चकरेला निघालो.

शेवटी एका रविवारी स्वतःच पाने घेऊन बसलो. कुणीतरी सांगितलं होतं की डावीकडचं एवढं थोरलं कव्हर मधोमध एकाच नटावर असतं. ते खरं आहे. पण त्या नटापाशी जायला आधी फूटरेस्ट काढायचा, ब्रेकचा पेडल काढायचा, खाली ऑइलसाठी परात मांडायची. परात चांगली होती, हे मला नंतर कळलं. आत तीन स्क्रू आणि तीन स्प्रिंगा. दोन हातात आल्या, तिसरी तुळशीवृंदावनात गेली. प्लेटा उलथण्याने सुट्या केल्या, रॉकेलने धुतल्या, पॉलिश कागदाने गंज काढला आणि वाकल्यात का ते आरशावर ठेवून पाहिलं. आरसाही चांगला होता.

खरी गंमत जोडताना. तिन्ही स्क्रू सारखे आवळले गेले नाहीत तर वरची प्लेट तिरकी उचलली जाते, एका बाजूने सुटते, दुसरीकडे चिकटून राहते. म्हणून एकाने लिव्हर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने किक हळूहळू फिरवत प्लेट कशी उचलते ते बघायचं. लिव्हरवर हिला बसवलं.

"अहो, अजून किती वेळ दाबू? कुकरच्या चार झाल्या."

"दोन मिनिटं. आता बरोबर उचलतीय."

"कुठली बरोबर? खालच्या अंगाला दबतीय की. पोळपाटाचा एक पाय मोडल्यासारखी."

मी वाकून पाहिलं. दबत होती. तीस वर्षं पोळ्या गोल लाटणाऱ्या डोळ्यांपुढे माझी बी.एस्सी. काय टिकणार? तिने तिथूनच "तो अर्धा फेरा, हा पाव, बास" असं सांगितलं, आणि प्लेट थाळीसारखी सरळ उचलू लागली. भात लागला, त्याचा उल्लेख त्या दिवशी कुणी केला नाही.

संध्याकाळी ऐटीत सांगलीवाडीकडे निघालो. न्यूट्रल पडत होतं, गाडी उसळत नव्हती. पुलावर मूठ पिळली, तर इंजिन गर्जतंय आणि गाडी मात्र वरातीत चालल्यासारखी. दूधवाला सायकलवरून पुढे गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं, ते नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

मिरजेच्या मिस्त्रींनी गाडीच्या डावीकडे बघितलंसुद्धा नाही. ते उजवीकडे बसले आणि गिअरबॉक्सवरचं लंबगोल झाकण उघडलं.

"सर, हितला स्क्रू कुणी पिळला?"

मीच. प्लेटा चिकटत होत्या तेव्हा. शाफ्टमधून आरपार गेलेली एक सळई असते, ती उजवीकडून रेटते तेव्हा डावीकडच्या प्लेटा सुटतात. जास्त रेटलं तर जास्त सुटतील, असा माझा हिशेब. आता साफ झालेल्या प्लेटांना ती सळई दिवसभर ढोसत बसली होती, त्या धरणार कशा?

"ढील पाहिजे सर," मिस्त्रींनी लिव्हरच्या सांध्यात रुपयाचं नाणं सरकवून दाखवलं. "एवढी तरी." स्क्रू मागे घेतला, लॉकनट आवळला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. नाणं मात्र माझं होतं, ते परत मागायचं राहिलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. रात्रभर उभी राहिली की प्लेटा अजून जरा धरतात, म्हणून सकाळी आधी क्लच दाबून दोन कोरड्या किका मारायच्या, मग चालू करायची. चौकात मी इतरांसारखा थांबतो. तो पोलीस अजून माझी वाट बघितल्यासारखा बघतो.

परवा पावसाने जोर धरला. कोयनेतून पाणी सोडलं, अण्णा कठड्यावरून फूट सांगू लागले. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. अडतीस झाले तसा मी फ्रिजचं बटण बंद करायला उठलो.

"ते राहू द्या," ही पदर खोचत म्हणाली. "गल्लीतली चार पोरं बोलवा आधी. मी लिव्हर धरते."