महाधमनी तुपाने फुगत नाही

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक संदेश परवा तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘महाधमनीचा फुगवटा, म्हणजे ॲन्युरिझम, तेल-तूप खाणाऱ्या जाड माणसांना आणि शुगरवाल्यांनाच होतो. सडपातळ माणसाने घाबरू नये. फुगवटा असेल तर पोट दुखतेच. ईसीजी नॉर्मल आला की सुटलात.’ खाली हात जोडलेल्या खुणांची रांग. यातल्या प्रत्येक वाक्यामुळे कुणीतरी तपासणी टाळेल, म्हणून लिहितोय.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून छाती-पोटातून खाली जाणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तेल-तुपापासून सुरुवात करतो. हा आजार नळी तुंबण्याचा नाही, नळीची भिंत सैल पडण्याचा आहे. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते. ती 3 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त झाली की ॲन्युरिझम म्हणतात. भिंतीच्या मधल्या थरातले लवचीक तंतू झिजतात, रक्ताचा दाब आतून रेटत राहतो, आणि नळी जितकी रुंद होते तितका भिंतीवरचा ताणही वाढतो. कोलेस्टेरॉलचा यात काहीच हात नाही असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यात मोठं कारण त्या संदेशात औषधालाही नाही, ते म्हणजे धूम्रपान. तंबाखूचा धूर त्या तंतूंची झीज वाढवतो. त्यात पुरुष असणं, साठी उलटणं, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हाच आजार असणं, यांची भर पडते. जो रोज वरण-भातावर तूप घेतो त्याला भीती घालायची आणि जो चाळीस वर्षं विडी ओढतोय त्याला मोकळं सोडायचं, हे मला सहन होत नाही.

शुगरचं तर उलटंच आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये पोटातल्या महाधमनीचा फुगवटा तुलनेने कमी आढळतो. असं का, यावर अजून संशोधन चालू आहे. म्हणून मधुमेह चांगला असं कुणी समजू नये. हृदय, किडनी आणि डोळ्यांचं नुकसान तो करतोच.

‘सडपातळ माणसाने घाबरू नये’ हे वाक्य सगळ्यात घातक. छातीतल्या महाधमनीचा आजार कित्येकदा जन्मजात असतो. मार्फान सिंड्रोममध्ये माणूस उंच, किडकिडीत, लांब बोटांचा असतो, आणि त्याच्या महाधमनीची भिंत मुळातच कमजोर असते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1984 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलेली, खेळाने कसलेली बाई. 1986 साली जपानमध्ये सामना चालू असताना ती कोसळली आणि गेली. वय 31. महाधमनी फाटली होती. मार्फान असल्याचं मृत्यूनंतर कळलं. हृदयाच्या महाधमनी झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतील तरीही हा धोका वाढतो. ज्या घरात कुणी तरुणपणी असं अचानक गेलं असेल, तिथल्या बाकीच्यांनी इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायलाच हवी, मग वजन कितीही असो.

दुखण्याची वाट पाहू नका. बहुतेक फुगवटे वर्षानुवर्षं गप्प असतात. अचानक पोटात किंवा पाठीत असह्य कळ आली तर तो फुटल्याचा इशारा असू शकतो, आणि फुटल्यावर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. अशी कळ आली तर घरी थांबू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

राहिला ईसीजी. तो हृदयातली वीज मोजतो, महाधमनीची रुंदी नाही. पोटातला फुगवटा साध्या सोनोग्राफीत दिसतो, आणि ती दहा-पंधरा मिनिटांत होते. ब्रिटनमध्ये पुरुषांना 65 व्या वर्षी या तपासणीला बोलावतात.

माझ्या मामांचा फुगवटा असाच सोनोग्राफीत सापडला, पित्ताशयातले खडे शोधताना. शिडशिडीत माणूस, शुगर नाही, ईसीजी स्वच्छ. विडी मात्र विशीपासून. रुंदी निघाली 4.2 सेंटीमीटर. पुरुषांमध्ये साधारण 5.5 ला ऑपरेशनचा विचार करतात, बायकांमध्ये त्याच्या थोडं आधी, कारण त्यांचा लहान असतानाही फुटू शकतो. मामांनी विडी सोडली, प्रेशरची गोळी चालू आहे, आणि दर वर्षी आम्ही रुंदी मोजून आणतो. तो संदेश त्यांनाही आला होता. मला फोन करून त्यांनी विचारलं, “मग आता पुढच्या महिन्यातली सोनोग्राफी नको ना रे?” मी म्हटलं, “मामा, मीच येतो न्यायला.”